मॅव्हिस रांगेत उभी राहते

रांग दिसली की माझ्या बायकोचे पाय आपोआप तिकडे वळतात. रांग कशाची आहे, हे विचारणं तिला आगाऊपणाचं वाटतं. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे पुढे काहीतरी बरं असणारच! चालता चालता खुर्चीला धक्का लागला तर मॅव्हिस खुर्चीची माफी मागते. अशा बाईशी वाद कोण घालणार?

त्या शनिवारी आम्ही दोघं वेल्स नावाच्या छोट्या शहरात गेलो होतो, नुसतं रमतगमत फिरायला. बाजारात चीज चाखलं, बिशपच्या वाड्याभोवतीच्या खंदकातले हंस पाहिले. मग मॅव्हिसला चहाची तल्लफ आली. कॅथीड्रलच्या दाराशी रांग होती. आम्ही मुकाट्याने तिचं शेपूट धरलं.

टोकाला एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. चहाचा पत्ताच नव्हता. त्यांनी मॅव्हिसच्या हातात गाण्याचं पुस्तक ठेवलं.

"या, या ताई! आवाज वरचा की खालचा?"

"वरचा," मॅव्हिस म्हणाली. मागे एवढी माणसं ताटकळलेली असताना 'आम्ही चुकून आलो' असं ती कशी म्हणणार?

संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या दिवशी कोणीही यावं आणि गावं, असा बेत होता. दुपारी तालीम, मग प्रार्थना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःसाठी नव्हे, मी न्हाणीघरात रोज रेकतोच. पण मॅव्हिस लहान असताना शाळेतल्या बाईंनी तिला भर वर्गात सांगितलं होतं, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." तेव्हापासून ती ओठच हलवते. चर्चमध्ये, नाताळात, वाढदिवसाच्या केकपुढेसुद्धा. बुटांच्या दुकानात तिने जन्म काढला, रडक्या पोरांना गोष्टी सांगून त्यांच्या पायात बूट चढवले. पण अंगाई म्हणायची वेळ आली की आमची लेक माझ्या मांडीवर यायची. त्या मास्तरीणबाई कधी भेटल्या असत्या तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते.

"चल, सटकू या," मी कुजबुजलो.

"त्यांना काय वाटेल रे?"

"मग काय, गाणार आहेस?"

तिने पुस्तक छातीशी धरलं. "गावंसं वाटतंय, क्लिफर्ड. हसू नकोस. फार वाटतंय."

मी कशाला हसतोय?

तालमीत ती समोरच्या ओळीत बायकांमध्ये, मी इकडे जाड्या आवाजाच्या बाप्यांमध्ये. मी सारखा तिच्याकडे बघत होतो. ओठ हलत होते. पण ते तर जन्मभर हलतच होते! मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"आवाज काढतेयस ना?"

"बिस्किट खा," ती म्हणाली. मी काय ते समजलो.

शिकवणारी तरुण मुलगी पुन्हा पुन्हा बजावत होती, "मंडळी, मरियेच्या स्तोत्रात इथे सगळ्यांनी थांबायचं. मी हात वर केल्याशिवाय कोणी सुरू केलंत, तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल!"

प्रार्थना सुरू झाली. बाकं भरली होती. स्तोत्र आलं, ती जागा आली आणि सगळे थांबले.

त्या शांततेत एकच आवाज घुसला. थोडा खरखरीत, थोडा कापरा, पण केवढा मोठा! मॅव्हिस बिटासारखी लाल झाली होती. आता ही गप्प बसणार, कायमची, असं मला वाटलं. पण त्या मुलीने हसत हसत हात उचलला, सगळ्यांनी सूर धरला, आणि मॅव्हिस गातच राहिली. माझी गायची ओळ केव्हाच पुढे निघून गेली. शेजाऱ्याने कोपर मारलं तेव्हा भानावर आलो. डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

बाहेर हिरवळीवर आल्यावर ती म्हणाली, "चुकले ना मी?"

"चुकलीस. चांगलीच चुकलीस."

"जवळच्यांना ऐकू गेलं असेल, नाही?"

"जवळच्यांना? अगं, पार शेवटच्या बाकावर एक आजोबा पेंगत होते, ते टुणकन उठून बसले!"

मॅव्हिस चालता चालता थांबली. तिने माझा हात घट्ट धरला.

"परत सांग," ती म्हणाली. "कसे उठले ते?"