कुंपणाबाहेरचा आंतरराष्ट्रीय खेळाडू

सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या हॅनेकेचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "डेक्लन गेला." त्यांना हॉस्पिटलात नेऊन आठवडाही झाला नव्हता. मी कॅमेरा बंद केला.

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या आमच्या इमारतीत तिचे यजमान डेक्लन म्हणजे मोडक्या नाकाचे, चुरगळलेल्या कानांचे आयरिश आजोबा. तरुणपणी ते आयर्लंडकडून रग्बी खेळले होते. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. देशाकडून खेळणाऱ्याला मिळणारी मखमली टोपी त्यांच्या दारामागे रेनकोटाशेजारी लटकलेली असायची, तिच्यावरून कळलं. आमची सई जिन्यात चेंडू आपटायची. बाकीचे शेजारी तक्रार करत, हे तिला थेट रग्बी क्लबवर घेऊन गेले. मी धास्तावले. "मुलीचे दात पडतील," म्हटलं. त्यांनी शांतपणे आपले पुढचे दात काढून तळहातावर ठेवले. "पडले तर असे मिळतात." पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर माझी चांगलीच हजेरी घेतली, पण सई जायला लागली ती लागलीच.

मग लॉकडाऊन आला. सामने बंद, मुलांचा सराव तेवढा चालू. पालकांना मैदानात मज्जाव होता आणि फुफ्फुसं नाजूक म्हणून डॉक्टरांनी डेक्लननाही मुलांपासून लांब ठेवलेलं. ते कुंपणाबाहेर निळी घडीची खुर्ची टाकून बसत आणि तिथून शिकवत. त्या आवाजाला माइक लागत नसे. मी दीड मीटर सोडून उभी राही. त्यांची कारकीर्द मला कळली ती तिथे, तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा या खेळात पैसा नव्हता. आठवडाभर वडिलांच्या खाटकाच्या दुकानात राबायचं आणि शनिवारी खेळायचं. देशाकडून बोलावणं आलं तेही दुकानातच. बातमी ऐकून गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या आणि वडील म्हणाले, "आधी हातातलं काम संपव."

पहिल्याच सामन्यात आयर्लंडने सपाटून मार खाल्ला. "पण मला आठवतं ते नंतरचं," डेक्लन सांगायचे. "जिंकलेले दोन रांगा करून उभे राहिले. आम्ही मधून गेलो आणि ते टाळ्या वाजवत होते. मग आम्ही रांगा केल्या आणि त्यांच्यासाठी वाजवल्या. एवढं झालं की सामना संपला." पुढे गुडघ्याने दगा दिला. मोजके सामने वाट्याला आले. नोकरीसाठी ते इथे आले, हॅनेके भेटली आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना खेळ शिकवण्यात गेलं. दोन रांगांचा हा 'टनेल' करून टाळ्या वाजवल्याशिवाय बूट काढायचे नाहीत, हा त्यांचा नियम. मला तर त्यांच्या टोपीहून याचाच जास्त अभिमान वाटतो.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. त्यांच्या धाकट्या भावालाही आयर्लंडहून येता येईना. हॅनेके आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "देशासाठी खेळलेला माणूस, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोरून जाणार." उत्तर सईला सुचलं.

"आई, वुई कॅन डू द टनेल! आउटसाइड, रस्त्यावर. डिस्टन्स ठेवून."

मैदानालगतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली. सईच्या संघातल्या मुली, डेक्लननी कधीकाळी शिकवलेले आणि आता टक्कल पडलेले बाप्ये, सगळ्यांनी जाड जॅकेटांवर क्लबचे टी-शर्ट ओढलेले. हातमोज्यांत टाळ्यांचा आवाज येत नाही म्हणून सईने त्या कडाक्याच्या थंडीत सगळ्यांना ते काढायला लावले. शवपेटीची काळी गाडी मधून अगदी सावकाश गेली. मला रडू आलं, पण त्याहून जास्त ऊर भरून आला.

रांगा संपल्या तिथे मागची गाडी थांबली. हॅनेके उतरली, आमच्याकडे वळली, हातमोजे काढले आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली. क्षणभर कुणाला काही उमगेना. मग सई हळूच म्हणाली, "नाउ वुई वॉक." आणि मुली एकामागून एक तिच्यासमोरून चालत गेल्या...

सामने अजून बंदच आहेत. सरावाच्या दिवशी हॅनेके ती निळी खुर्ची कुंपणाबाहेर आणून ठेवते, बसत मात्र नाही. माझ्यासारखीच दीड मीटर सोडून उभी राहते. सराव संपला की मुली खुर्चीकडे वळून टाळ्या वाजवतात. मग आम्ही दोघी त्यांच्यासाठी वाजवतो. त्यानंतरच बूट निघतात.