मंगलाबाईंचे तीन हजार दहा

"भंगार म्हणायचं नाही!" मंगलाबाई कडाडल्या. मंडळाचे कारभारी एकनाथराव दोन पावलं मागेच सरले.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या महिला मंडळाच्या खोलीत सहा जुने कॉम्प्युटर होते. त्यांवर शिवणकाम करणाऱ्या बायका ब्लाउज-कुर्त्यांचे नमुने आखायला शिकणार होत्या. पण नवा प्रोग्राम अडून बसला: प्रोसेसर तीन हजार मेगाहर्ट्झचा हवा, नाहीतर उघडणारच नाही. इथले सगळे अठ्ठावीसशेचे. एकनाथरावांनी फर्मावलं, "आज एक तरी चालवून दाखवा. नाहीतर वर्ग बंद!"

मंगलाबाई दहावीपर्यंत शिकलेल्या, पण घरचं शिलाई मशीन स्वतःच खोलून दुरुस्त करणाऱ्या. कोठी भागातल्या जुन्या बाजारातून पुस्तकं आणून त्या कॉम्प्युटरही शिकल्या. साहेब लोकांना जे फेकून द्यावंसं वाटतं, ते यांना उघडून बघावंसं वाटतं.

"सोपं आहे," त्यांनी केतकीला सांगितलं. ही पुण्याची पोरगी सॉफ्टवेअर कंपनीत होती, रविवारी मदतीला यायची. "बसचा, म्हणजे आत सगळ्यांना ताल देणाऱ्या ठोक्याचा वेग दोनशे, त्याला गुणक चौदा. झाले अठ्ठावीसशे. गुणकाला कंपनीनंच कुलूप घातलंय, तो वर जात नाही. मग बसचा वेग वाढवायचा. दोनशे पंधरा केला की तीन हजार दहा! पण त्याबरोबर मेमरीही पळायला लागते, म्हणून तिला आधी एक पायरी खाली घ्यायचं. व्होल्टेजला हात नाही लावायचा."

जुने आकडे वहीत उतरवले. मग दोनशे पाच. चाचणी चालवली, तापमान बासष्ट. ठीक. दोनशे दहा केलं आणि आकडा सरसर चढला: सत्तर, पंचाहत्तर, एकोणऐंशी!

"बंद कर!" मंगलाबाई ओरडल्या.

"म्हाताऱ्याला पळवताय," एकनाथराव हसले.

"केतकी, प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट नवी आहे ना?"

"हो मावशी. ही मशीनं दुरुस्त करणाऱ्या विक्रमला सकाळी विचारलं. तो म्हणाला, 'परसोंच लगाए ना.' दोनच दिवस झालेत."

मंगलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं पुणेकर! हैदराबादेत परसों म्हणजे परवा नाही! काल सोडून मागचा कुठलाही दिवस. गेल्या महिन्यातलाही परसों, शाळेत होतो तोही परसोंच!"

त्यांनी पंखा आणि धातूचा ठोकळा काढला. खाली पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी पापुद्रे धरून बसली होती. चिंधीला स्पिरिट लावून त्यांनी ती खरवडली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, ठोकळा घट्ट बसवला.

दोनशे दहा. चौपन्न अंश.

दोनशे पंधरा. सगळ्या बायका पडद्याभोवती. तासभर चाचणी चालली, कुणी चहालाही उठेना. छप्पन्न, छप्पन्न, पुन्हा छप्पन्न. एकदाही अडखळलं नाही. केतकीनं प्रोग्राम उघडला आणि पांढऱ्या पडद्यावर बाहीची गोलाई झरझर उमटली.

"चल्ला रे चल्ला!" वर्गातल्या राणीनं शिट्टीच मारली.

एकनाथरावांची खुर्ची केव्हाच पुढे सरकली होती. डोळे चमकत होते. "मंगलाबाई, दोनशे चाळीस करून बघू या ना! कुठवर पळतो ते कळेल."

"हात मागे!" मंगलाबाईंनी त्यांचं बोट कीबोर्डवरून उचललंच. "तीन हजार मागितले, तीन हजार दहा दिले. वरचे पळवायचे असतील तर घरचा कॉम्प्युटर आणा. आता कागद काढा, वर्ग चालू असं लिहा. आणि केतकी, दुसऱ्या मशीनचं झाकण खोल. विक्रमला विचारू नकोस, आत बघ."