शेंदराखालचा पत्रा

दसऱ्याआधीचा दुसरा रविवार. हजर: आमच्या जिनिंगचे जुने बॉयलरवाले काका, नागपूरहून आलेले तपासनीस, बोथ गावचा वेल्डर, त्याचा मदतनीस आणि मी.

इंजिन लहानसं, वाफेचं. एकेकाळी ते आदिलाबादच्या आमच्या जिनिंगमधून रुईच्या गाठींचे डबे स्टेशनापर्यंत ओढायचं. पुढे रूळ उखडले गेले, इंजिन शेडमध्ये राहिलं. सासऱ्यांच्या माघारी ते भंगारात द्यायचं घाटत होतं. मी म्हटलं, आधी बॉयलर दुरुस्त होतो का पाहू. शेडपासून फाटकापर्यंत तरी चालवू. जुन्या नळ्या काढून नव्या बसवल्या, गंज खरवडला, झडपा घासून घेतल्या. आज बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने दाब चढवून, कुठे गळतं ते पाहायचं होतं. ते पार पडलं की दसऱ्याला काकांच्या हातून भट्टी पेटवायची. दसरा झाला की त्यांचा मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता. तामसी गावातल्या त्यांच्या घराला कुलूप लागणार होतं. म्हणून दसराच.

दाबाचा काटा चढत गेला. नव्या नळ्या कोरड्या होत्या. मग भट्टीच्या दाराखालचा शेंदूर ओलसर दिसू लागला.

तो शेंदूर दर दसऱ्याच्या पूजेचा. तेलात कालवून तिथे लावायचा, झेंडू वाहायचा आणि नारळ तिथल्याच लोखंडी कडेवर फोडायचा. इंजिन बंद पडल्यावरही काकांनी एक दसरा चुकवला नव्हता. थरावर थर चढून जाड ढेप झाली होती. सगळा बॉयलर खरवडला, पण तेवढ्या जागेला कोणी हात लावला नाही. मीही लावा म्हटलं नाही.

मदतनिसाने हात जोडले. "देवाले घाम आला!"

"घाम नाई रे, पाणी हाय," वेल्डर ओरडला. "पंप थांबव!"

तपासनीस छिन्नी घेऊन पुढे झाले, तर काका आडवे उभे. "काऊन? इतक्या वर्षांत इथून थेंब नाई आला."

"इतक्या वर्षांत आत दाब होता कुठे, काका?" तपासनीस म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमी सांगा. पत्रा गेलेला निंगाला तर दसऱ्याले भट्टी पेटते का?"

"नाही पेटत."

"अन् खरवडलंच नाई तर?"

"तर मी पेटवू देणार नाही."

 काकांनी डोक्याचा रुमाल सोडून खाली अंथरला. "देव बी खोळ टाकते. शेंदूर जड झाला का सोडते अंगावरून. तसंच समजा." छिन्नी त्यांनी स्वतःच घेतली.

ढेप जवळजवळ अखंड सुटली आणि रुमालावर पडली. खालच्या पत्र्याचे पापुद्रे छिन्नीच्या टोकाने निघत होते. नारळाचं पाणी दर वर्षी शेंदरामागे मुरत गेलं होतं आणि तिथून वाळायला वाट नव्हती. तपासनिसांनी खडूने चौकोन आखला: एवढा कापायचा. दसऱ्याआधी होणार नाही, हे काकांना कोणी सांगावं लागलं नाही.

"मीच खाल्लं याले, पूजा करू करू," काका म्हणाले.

"काका, यापुढे नारळ माह्या डोक्यावर फोडा," वेल्डर म्हणाला. "डोकं गंजत नाई."

काका हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दसऱ्याला बॉयलर थंडच होता. काकांनी धुराड्याला झेंडूची माळ घातली आणि नारळ शेडबाहेरच्या दगडावर फोडला. शेंदूर तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून माझ्याकडे दिला. "पैनगंगेत सोडा. पण पह्यले इंजिनाची शिटी, मंग पैनगंगा." दुसऱ्या दिवशी ते गेले.

दिवाळीनंतर नवा पत्रा बसला. पाण्याची चाचणी पुन्हा घेतली. चढलेला काटा जागचा हलला नाही. तपासनिसांनी वाफ धरायला हरकत नाही म्हणून सांगितलं. वेल्डर विचारतो, पेटवून का नाही टाकत? मी त्याला थांबवलं आहे. काकांचे गुडघे आता बसचा प्रवास सोसत नाहीत, असं त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला.

कोळसा आला. पाणी भरलेलं आहे. डबा कचेरीतल्या फळीवर आहे. गाडी घेऊन हैदराबादला जायचं आणि काकांना आणायचं, तेवढं राहिलं आहे.