घोडमाळावरून आलेल्या दोन हाका

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. मुलीजवळही नाही — आणि तिच्याजवळ मी काय काय बोलते ते ऐकलंत तर कानांवर हात ठेवाल. निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. एक साहेब म्हणाले, बाईंच्या कानातून एक कॉल कधी निसटला नाही. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला. तोंडात पेढा होता, तो काही केल्या गिळवेना. कारण साहेब बोलले ते अक्षरशः खरं होतं. निसटला नव्हता. मला तो ऐकू आला होता.

पण थांबा — असं एकदम नाही सांगता येणार मला. जरा मागून येते.

मी वनखात्याच्या नाशिकमधल्या एका ऑफिसात वायरलेसवर होते. नव्वदीची सुरुवात. माझे मिस्टर त्याच खात्यात होते. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पदरात चार वर्षांची मुलगी, आणि जंगलाचं ज्ञान म्हणाल तर पांडवलेणी चढताना आजूबाजूला दिसतं तेवढंच. माझ्या खुर्चीमागे भिंतभर नकाशा होता आणि त्यावर टाचण्या. लाल म्हणजे वणवा लागलाय, हिरवी म्हणजे विझला, पिवळी म्हणजे विझवणारी माणसं, निळी म्हणजे जीप. होळीच्या आधीपासून पाऊस पडेपर्यंत मी त्या टाचण्या हलवायची. संध्याकाळी त्यावरून तक्ता करायचा, तो वर पाठवायचा, तिथून तो आणखी वर. सगळ्या देशात कुठे काय जळतंय आणि विझवायला कुठे कोण उभं आहे, हे म्हणे दिल्लीला अशा तक्त्यांवरून कळायचं. ऑफिसात त्या नकाशाला 'बाईंचं भरतकाम' म्हणत. मला राग यायचा. पण खरं सांगू? अभिमानही वाटायचा.

त्या सगळ्या आवाजांत एक आवाज घोडमाळाचा होता. पेठच्या पुढे, घाटाच्या कडेला घोडमाळ नावाचा डोंगर, त्यावर पत्र्याची चौकी आणि चौकीत सोमादादा. हंगामापुरते ठेवलेले आग राखणारे. खालच्या पाड्यावर त्यांचं घर, भात-नागलीची थोडी जमीन. रोज सकाळी प्रत्येक चौकीनं 'सेट ओके' कळवायचं, मी वहीत लिहायचं, संपलं. सोमादादा मात्र 'ओके' झाल्यावर हळूच विचारायचे, "बाई, च्या झाला का?" वायरलेसवर असलं बोलायला बंदी होती. पण त्या वर्षी मला असं विचारणारं दुसरं होतं तरी कोण? बाकीचे विचारायचे ते — आता कसं गं करणार तू? चहाचं फक्त त्या खरखरीतून यायचं. सकाळची ती दोन मिनिटं मिळाली नसती तर मी ते वर्ष कसं काढलं असतं, मला खरंच माहीत नाही.

धूर ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. तिकडच्या डोंगरांत भाताचं रोप टाकण्याआधी शेताचा एक तुकडा पालापाचोळा, शेणी, गवत पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. एप्रिल-मेमध्ये जिकडे तिकडे राबाचे धूर. मग लांबून दिसलेला धूर राबाचा की वणव्याचा, हे कळायचं कसं? "राब एका जाग्याव बसतो बाई, वणवा चालतो," ते म्हणाले होते. "धुराचं बूड बघायचं. बूड हाललं का समजायचं." एवढं एक वाक्य मला नोकरीभर पुरलं. पुढे नवीन आलेल्यांना मी तेच शिकवलं — माझं म्हणून.

नियम असा की आलेला प्रत्येक धूर नोंदवहीत चढला पाहिजे. पण राबाच्या दिवसांत कॉलना उसंत नसायची. मग आम्ही आपली एक सोय करून ठेवली होती. राबाचा वाटणारा धूर आधी कच्च्या कागदावर, पेन्सिलीनं लिहायचा. संध्याकाळपर्यंत त्यातून काही निघालं नाही तर कागद टोपलीत. सगळ्यांना हे माहीत होतं, साहेबांनाही.

आता कपाट. हसू नका — माझं पाप आरशाच्या लोखंडी कपाटाएवढं आहे. घरी आमचे कपडे खोक्यांत असायचे, आणि मुलीला आरशाचं कपाट हवं होतं. नाशिकातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानात ते मी घेऊन ठेवलं होतं. तिथून नाशिकरोडला आमच्या वस्तीत न्यायचं कसं, एवढाच प्रश्न होता. नेमकी पेठची जीप स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून द्वारकेच्याच गॅरेजात आलेली. राबाच्या दिवसांतल्या एका सकाळी दहाला ड्रायव्हर युनूसभाईंचा फोन आला, गाडी तयार आहे, पेठला निघतो. मी निळी टाचणी नाशिकवरून काढली आणि पेठला लावली. आणि मग म्हणाले, भाई, जाता जाता माझं एक काम कराल का?

नाशिकरोड पेठला जाता जाता लागत नाही. ते अगदी उलट्या दिशेला आहे. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

साडेअकराला पहिली हाक आली. घोडमाळाच्या खालच्या अंगाला धूर दिसतोय. मी मागे वळून नकाशाकडे पाहिलं. निळी टाचणी पेठला होती — म्हणजे जीप घोडमाळापासून हाकेच्या अंतरावर. आणि खरी जीप? ती माझं कपाट घेऊन आमच्या गल्लीत शिरत असणार. साहेबांकडे जाऊन जीप सोडा म्हटलं असतं, तर त्यांनी पेठला फोन लावला असता आणि पेठवाल्यांनी विचारलं असतं, कुठली जीप? मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "राब असेल. बघत राहा." कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं — घोडमाळ, राब.

म्हणजे बघा. ज्यांनी मला राब काय आणि वणवा काय ते शिकवलं, त्यांनाच मी राब सांगत होते.

बाराला दहा कमी असताना दुसरी हाक आली. सोमादादा धापा टाकत होते. "राब नाय बाई, बूड हाललंय. वर चढतोय. गाडी सोडा, लय मानसं लागतील." मी काय केलं? बटणावर बोट होतं, हे आठवतं. ते दाबलं नाही. त्यांनी उत्तराची वाट पाहिली, "बाई... बाई..." केलं, आणि मग नुसती खरखर.

एकला पेठहून फोन आला तेव्हा साहेबांना कळलं. मी लाल टाचणी लावली. युनूसभाई घोडमाळाशी पोहोचेपर्यंत तीन वाजले होते. उशीर का झाला विचारल्यावर त्यांनी वाटेत सावळघाटात पंक्चर झाल्याचं सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं. तोवर पाड्यावरच्या बाया-माणसांनी हिरव्या फांद्या तोडून, झोडपून झोडपून वणवा घरांच्या अलीकडे थोपवला होता. आमच्या कुणाच्या मदतीवाचून. त्या माणसांचे उपकार मी कसे फेडू? कुणी मेलं नाही. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल — कुणी मेलं नाही, कुणी मेलं नाही. पण अर्धा डोंगर काळा झाला. मोहाची झाडं गेली, पाड्यानं छपरांसाठी कापून ठेवलेलं गवत गेलं. आणि सोमादादांचे दोन्ही तळहात भाजले.

कच्चा कागद मी चारच्या चहाआधी फाडून टाकला.

पुढे चौकशी लागली. सोमादादा जबाब द्यायला नाशिकला आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. तोवर ते माझ्यासाठी फक्त आवाज होते. बारीक अंगाचा माणूस, धुतलेला सदरा, हातांना फडकी बांधलेली. साहेबांनी विचारलं, आग लागली तर कळवलं का नाही? सोमादादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कळवलं व्हतं साहेब. पन बाईंना आयकू गेलं नसंल. सेट जुना हाय."

केवढी मोठी वाट करून दिली होती त्यांनी! हो साहेब, सेट खरखरत होता — एवढंच मी म्हणायचं होतं. ते सुटले असते, मी सुटले असते, दोष एका डब्यावर गेला असता. पण त्या सकाळी मी स्वतःच्या हातानं वहीत 'घोडमाळ, सेट ओके' लिहिलं होतं. सेट बिघडला म्हटलं की वही मागवणार, वहीनंतर टाचण्या, टाचण्यांनंतर जीप. मी म्हणाले, "सेट चांगला होता साहेब. कॉल आला नाही." आवाज अगदी स्वच्छ होता माझा. वायरलेसवर काम केल्याचा गुण.

जबाबाखाली अंगठा लावायचा होता. सोमादादांनी दातांनी फडक्याची गाठ सोडली आणि लावला. राखणारा चौकीवर हजर नव्हता, असं ठरलं. पुढच्या हंगामाला त्यांचं नाव कापलं गेलं. त्या हातांनी ते नवरा-बायको मग दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जाऊ लागले. मी त्याच वर्षी नोकरीत कायम झाले.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर माझे ओठ हलतात, पण त्या ओळीला मी आवाज काढत नाही. शेजारी बसणाऱ्या ताईंना वाटतं, मला दम लागतो.

दोन हजार साल उलटलं आणि टाचण्या गेल्या. संगणक आला. उपग्रहावरून देशभरातल्या आगी लाल ठिपक्यांनी पडद्यावर दिसू लागल्या. पहिल्या दिवशी सगळे आसाम-बिसाम बघत होते, मी घोडमाळ शोधत होते. गंमत म्हणजे त्या एवढ्या उंचावरच्या यंत्रालाही राब नि वणवा वेगळा करता येईना. दोन्ही लालच. शेवटी फोन करून कुणाला तरी म्हणावंच लागायचं, जरा धुराचं बूड बघता का?

एका उन्हाळ्यात घोडमाळावर ठिपका उमटला. आम्ही पेठला फोन करेपर्यंत पाड्यावरच्या लोकांनी वणवा विझवलाही होता. पुढे कोण होतं, तर सोमादादा. साहेबांनी पाड्याचा सत्कार करायचं ठरवलं. मी पण येते म्हणाले. आता सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवूनच गाडीत बसले होते. वाटेत सावळघाट आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

अंगणात साहेबांनी कुणाचं तरी नाव विचारलं, मी यादीतून वाचून दाखवलं. माझा आवाज ऐकताच ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसानं मान वर केली. "बाई," ते म्हणाले, "च्या झाला का?"

इतक्या वर्षांनी! मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सत्कार झाला. शाल घेताना त्यांचे तळहात दिसले, गुळगुळीत, चकचकीत, रेषा नसलेले. मग साहेब मंडळी पुन्हा वाढलेली मोहाची झाडं बघायला गेली आणि मी ओट्यावर जेवायला बसले. त्यांच्या बायकोनं नागलीची भाकर वाढली, वर लसणाची चटणी. सोमादादा जवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी गाडी तुमचं कपाट घेऊन गेलती ना? युनूसभाईनं मला तवाच सांगितलं, जबाबाच्या आधी. म्हनून तं मी सेटाचं नाव घेतलं. तुमी का नाय व्हय म्हनल्या?"

रागानं नाही विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना. त्यांना सगळं माहीत होतं — कपाट, जीप, सगळं — आणि माहीत असूनच त्यांनी मला ती वाट करून दिली होती. आम्हा दोघांशिवाय तिथे फक्त त्यांची बायको, तीही चुलीकडे तोंड करून. जे सांगायला मी आले होते, ते त्यांनी स्वतःच माझ्या ताटात आणून ठेवलं होतं. आता मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "कोणती गाडी?"

ते बायकोला म्हणाले, "बाईंना आनखी एक भाकर दे." मी ती खाल्ली. सगळी खाल्ली.

माझं घर, मुलीचं शिक्षण, आज हातात येणारी पेन्शन — हे सगळं एका खोट्या पंक्चरवर आणि एका माणसाच्या गप्प राहण्यावर उभं आहे. मी हे विसरले असा एक दिवस गेलेला नाही. चहाचा कप उचलला की आधी सोमादादांची आठवण येते, आणि त्या आठवणीनं बरंच वाटतं मला, हे सांगायला लाज वाटते. कपाट अजून घरात आहे. मुलगी म्हणते, काढून टाकू या आता. मी काढू देत नाही.

सोमादादा आता नाहीत. असते तरी मी जाऊन कबूल केलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एकदा तर गेलेच होते.

त्या वर्षीच्या नोंदवहीत त्या तारखेच्या पानावर घोडमाळापुढे सकाळचं 'सेट ओके' आहे, आणि त्याच्याखाली थेट एक वाजताची आग, दोन्ही माझ्या अक्षरात. मधल्या दोन नोंदी राहिल्या आहेत. त्या अशा. साडेअकरा — घोडमाळ, खालच्या अंगाला धूर. बाराला दहा कमी — घोडमाळ, वणवा, वर चढतोय, गाडी मागितली. चौकीवर सोमादादा हजर होते. दोन्ही हाका मला स्वच्छ ऐकू आल्या.