काशाचा राजा

"अजून नाही," असं म्हणायच्या आधी साहेब नाणं नाकाशी नेऊन हुंगायचे. पाण्यातून काढलेलं, चिंचोक्याएवढं, काळंहिरवं नाणं. मातीचा वास आला की पुन्हा वाटीत.

आमच्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते आणि चिंचवडगावात माझ्या खोलीला लागूनच त्यांचं बिऱ्हाड. मी उस्मानाबादकडचा, सातवीत शाळा सुटलेला, बफिंगवर, म्हणजे धातूला चकाकी द्यायच्या मशिनीवर, टेंपररी. भिंतीपलीकडे ओळखीचं माणूस खोकतंय, एवढ्या आधारावर मला त्या परक्या गावात झोप लागायची.

छंदिष्ट माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी तिकिटं जमवतं, कुणी काड्यापेट्या. यांच्याकडे रोमच्या बादशहांची काशाची नाणी. फार पूर्वी व्यापाराच्या जहाजांबरोबर ती दक्षिणेत उतरली म्हणे. मदुरेकडे नदीच्या वाळूत सापडायची. तिथला एक मित्र मोडवाल्याकडून घेऊन पाठवायचा. मग ती महिनोन् महिने बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात. रविवारी पाणी बदलायचं आणि बाभळीच्या काट्यानं माती कोरायची.

त्यांच्या मिसेस, आमच्या काकू, म्हणायच्या, "आमटीला वाटी नाही घरात, राजांच्या आंघोळीला बऱ्या सापडतात!"

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडं द्या की. बफला लावतो, दोन मिनिटांत आरसा."

त्यांनी मूठच मिटली. "राव, हे हिरवं म्हणजे त्याची कातडी. चेहरा त्या कातडीतच असतो. तुमच्या आरशात तुम्ही दिसाल, राजा नाही."

एका दिवाळीला काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर दोन नाणी चिंच लावून घासली. सोन्यासारखी झाली. नाक ना डोळे. साहेबांनी ती उजेडात फिरवून पाहिली, म्हणाले, "छान झालीत. देवघरात ठेव." खरं सांगायचं तर मला तीच आवडली होती.

टेंपररीवाल्यांना ब्रेक द्यायची वेळ आली की मी त्यांच्या दारात. "साहेब, या खेपेला काढतील का हो मला?" ते हातातलं नाणं हुंगायचे. "अजून नाही." हे मला होतं की नाण्याला, कधी कळलं नाही. पण त्या दिवशी जेवण जायचं.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू रोज काशाच्या वाटीनं त्यांचे तळपाय घासायला लागल्या. "डोळे काशापायी गेले, आता काशानंच राहू देत."

वाटीत एकच नाणं उरलं होतं. किती वर्षं झाली, चेहरा वर येत नव्हता. "एवढा एक राजा भेटायचा राहिला," म्हणत त्यांनी काटा माझ्या हातात दिला.

"साहेब, माझा हात बफिंगचा. दाबायची सवय."

"पण तुम्ही भित्रे आहात. भिणारा हात या कामाला चांगला."

मग दर रविवारी मी उंबऱ्यात, ते खुर्चीत, पाय काकूंच्या मांडीवर. "काय दिसतंय?" "कान, साहेब." पुढे कधीतरी केसांची फीत. मग नाकाचा शेंडा. एका सकाळी काट्याखाली टवका उडाला. नाकच गेलं! उजेडात धरलं. गेली होती ती माती. खाली ओठ होते.

"काय झालं? बोला ना!"

"राजा आला, साहेब."

त्यांनी नाणं हुंगलं. अंगठा सावकाश फिरवला. "हसतोय का?"

मी पुन्हा नीट पाहिलं. "न्हाई. काळजीत हाय."

"मग तुमच्यासारखाच की, राव!" असे हसले, की काकूंच्या हातची वाटी सुटून फरशीवर खणखणली. हसू ओसरल्यावर त्यांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

रिटायर झाल्यावर ते लेकीकडे नागपूरला गेले, आणि तिकडेच वारले. शेजारच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. नाणं माझ्याकडे आहे, बफच्या मशिनीपासून लांब, कापडात. रविवारी उंबऱ्यात बसून उजेडात धरतो, राजाची काळजी जरा उतरली का बघतो.

अजून नाही.