सातची घरघंटी

गोरखला भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या बापाने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव, अंगारे-धुपारे, ताईत-गंडे सगळं एका टोपलीत भरून ओढ्यात सोडून दिलं. असल्या बापाचा लेक बासष्टाव्या वर्षी कुणाला सांगणार, की मेलेली बायको रोज सांजच्याला सात वाजता माझ्या घरात बोलते म्हणून? बेडशाच्या वस्तीत लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. वर, बापाच्या नावाला बट्टा लावला म्हणाले असते ते वेगळंच.

बायको रतन. बाई मोठी बोलघेवडी. दिवसभर लोकांच्या भातात राबायची, आणि सात वाजले की घरघंटी लावून तांदूळ दळायला बसायची. तेव्हाच तिला सगळं आठवायचं! कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने काय तारे तोडले, सगळं त्या घरघरीच्या वर आवाज चढवून सांगायची. गोरख मळवलीच्या बंगल्याची राखण करून आलेला असायचा, अंग आंबलेलं. त्याला अक्षर ऐकू यायचं नाही. तो आपला भिंतीला टेकून ‘व्हय, व्हय’ करायचा. पस्तीस वर्षं त्याने असा व्हयकारा दिला, आणि एक दिवस रतन तापाने गेली.

जलदान उरकलं, पाहुणे पांगले. मग एकदा घर खायला उठलं म्हणून त्याने सहज मूठभर तांदूळ टाकून घरघंटी लावली. आणि त्या घरघरीच्या पाठीमागून रतन बोलायला लागली. तोच वर चढलेला आवाज, तीच घाई. शब्द मात्र लागेनात. नीट ऐकावं म्हणून त्याने बटण बंद केलं, तर आवाजही थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी लावून बघितली. नुसतीच घंटी फिरली. सातच्या ठोक्याला लावली, की मात्र ती यायचीच. अंगावर काटा यायचा, तरी त्याला घरघंटी लावल्यावाचून राहवत नव्हतं. कधीतरी एक वाक्य कळेल, एवढीच त्याची आशा.

अशात गावात नवे स्मार्ट मीटर बसले. गोरखची लेक पायल तळेगावात नोकरीला, तिला त्याचं भलतंच कौतुक. एका रविवारी दुपारी ती फोन घेऊनच बापापुढे बसली.

“आबा, वीज कंपनी काय भाजीवाली नाही, रोज बदलायला. ती आहे तीच राहणार. पण वीज कधी वापरायची ते आपल्या हातात आहे ना? नऊ ते पाच वापरली तर स्वस्त पडते. नाहीतर सरळ छपरावर सोलर घालू. बोला, काय करायचं?”

“हाय ते बरं हाय की.”

“असं कसं बरं? थांबा, आधी तुमचा तासातासाचा वापर बघते.”

फोनवर दांडक्यांची रांग उमटली. दिवसभर सगळी बुटकी, आणि सात वाजता एकच उंच. रोजच्या रोज.

“सातला काय लावता हे?”

“घरघंटी.”

“एकट्या जिवाला एवढं पीठ? आबा, खरं सांगा.”

आता लपवून तरी किती लपवणार? त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. पायल आधी हसली, मग तिचे डोळे भरले, आणि मग ती चिडली. “आजोबांनी देव सोडले ओढ्यात, आणि तुम्ही आईचं भूत करून ठेवलंत? मनाचे खेळ आहेत हे! उद्यापासून घरघंटी दुपारी लावायची, आणि तेही जमत नसेल तर मी तळेगावला घेऊन जाते.”

“पायल, असं नको गं करू बाय. ती दुपारची येत न्हाई.”

उगीच हाताला चाळा म्हणून पायल फोनवर मागचे मागचे दिवस बघत गेली. एका जागी तिचं बोट थांबलं.

“आबा, मोतीबिंदू काढला तेव्हा तुम्ही तीन दिवस माझ्याकडे होता ना? घराची किल्ली कुणाकडे दिलीवती?”

“कुणाकडं देतोय? माझ्याच खिशात व्हती.”

तिने फोन पुढे केला. बंद घरातले तीन दिवस. सगळी दांडकी बुटकी, आणि तिन्ही दिवस सात वाजता ते एक उंच.

“मीटर बिघडलं असेल,” पायल कशीबशी म्हणाली. “उद्या तक्रार देते मी. आणि आबा, तुम्ही आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला. या घरात राहू नका.”

गोरखला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने डोळ्यांना धोतराचा सोगा लावला.

“तक्रार नको देऊ,” तो म्हणाला. “आन् मला कुटं न्हिऊ पण नको. तीन सांजा ती हितं एकटीच बोलत बसलीती गं.”