आईच्या बाथरूमचा कोनाडा

अन्याय माझ्या आईवर झाला. १९८४च्या डिसेंबरात, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, नाशिकरोडला, आमच्या स्वतःच्या घरात. करणारा मी. चळवळीच्या पत्रकात आरोपी पहिल्या चार ओळींत आला पाहिजे, असं मी इतरांना शिकवत आलोय. म्हणून हे आधी.

त्याआधी वीसेक वर्षं आई वस्तीतल्या नळाजवळ, गोणपाटाच्या आडोशाला, अंगावरचं लुगडं न सोडता आंघोळ करायची. जाताना बादलीत साबणाची डबी, टाचा घासायची वजरी, शिकेकाईची पुडी, फणी. येताना सगळं परत. तिथं काही विसरलं की गेलंच. यावर मी पत्रक काढलं होतं, आयाबहिणींना दार असलेली न्हाणी द्या म्हणून. नगरपालिकेच्या फाटकाशी उभं राहून वाटलं. कहाणी आईचीच होती. तिला न विचारता लिहिलेली.

पुढं कॉलनीत दोन खोल्या झाल्या आणि मागच्या अंगाला बाथरूम बांधायचं ठरलं. तेव्हा माझ्या डोक्यात साधेपणा बसला होता. लग्नातल्या बडेजावाविरुद्ध लिहून लिहून कुठं नक्षी दिसली तरी राग यायचा. आमच्या बुद्धविहाराच्या चुन्याच्या कोऱ्या भिंती मला फार आवडत. बाथरूम तसंच हवं होतं. पांढऱ्या टाइल्स, एक नळ, एक खुंटी. बस्स.

गवंडी सटाण्याकडचा, वयस्कर. त्यानं भिंतीत वीतभर जागा सोडलेली दिसली.

"हे काय?"

"कोनाडा, भाऊ. मावशींनी सांगितला."

आई दारातच होती, पदराला हात पुसत. "राहू दे ना. माझी वजरी, डबी ठेवीन. लय मोठा नाय."

"आई, कोनाडा आला की पसारा आला. कळकट बाटल्या, केसांचे गुंतवळ. आत काहीच ठेवायचं नाही. आपापलं न्यायचं, आपापलं आणायचं. वस्तू कमी, तेवढं मन मोकळं."

"तुझं मन मोकळं व्हायला माझी वजरी आडवी येती व्हय?"

गवंडी हसला. "मावशी, पोरगं बिल्ला न लावताच भाषण देतंय."

मला ते लागलं. म्हणालो, "बुजवा."

त्यानं आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "शिकलेला हाय तो. बुजवा." आणि चहा ठेवायला आत गेली.

बाथरूम सुंदर झालं, हे मी आजही नाकारत नाही. मित्र बघायला यायचे. मी दार उघडून दाखवायचो. आत एक वस्तू नाही. माझं काय, खांद्यावर टॉवेल, हातात साबण, झालं. आईचं कसं चाललंय हे मला दिसलंच नाही. सकाळी मी पत्रकं घेऊन बाहेर असायचो, बायकांच्या प्रश्नावर.

तीन वर्षांनी आईला दवाखान्यात ठेवलं. तिची फणी न् साबण न्यायला घरी आलो, तर काही सापडेना. शेजारच्या काकूंना विचारलं.

"पलंगाखाली बादली हाय बघ."

"बादलीत?"

"रोज भरून न्यायची, रोज भरून आणायची. मी म्हणायची, अगं बाई, आता तुझंच घर हाय की. तर म्हणायची, तिथं ठेवलेलं त्याला चालत नाय."

मी वाकून बादली ओढली. तीच, वस्तीतली, कान वाकलेली. डबी, वजरी, शिकेकाई, फणी, सगळं जागच्या जागी. नळावर तिला चोरांची धास्ती होती. घरात माझी होती.

मी फणी घेऊन गेलो. आई परत आली नाही.

गवंडी भेटायला आला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला. एका टाइलवर बोटानं टकटक केलं. "इथं होता, भाऊ," एवढंच म्हणाला. मला माफी मागायची होती, पण ज्या बाईची मागायची ती नव्हती.

तुम्ही हे वाचताय, तर आता वाचणं पुरे. उठा. घरात जी बाई असेल, आई, बायको, बहीण, तिच्यापुढं जाऊन विचारा, तुझ्या वस्तू कुठं ठेवतेस? ती 'चालतंय की' म्हणाली तर पुन्हा विचारा. आणि ती बोट दाखवील तिथं भिंत फोडा.